आकडा कमी आला, तरी पाचपैकी चार तारे: एका व्हॅल्युएशन रिपोर्टचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगते, कारणं मग. घराचं मूल्यांकन एका स्वतंत्र व्हॅल्युअरकडून करून घेतलं, निम्मी फी माझ्या खिशातून गेली आणि जो आकडा आला त्यात नुकसान माझंच झालं. तरीही पाचपैकी चार तारे. पाचवा का कापला ते पुढे येईल.

मामला असा. आईवडिलांचा फ्लॅट मला आणि धाकट्या भावाला मिळून आला. त्याला तो ठेवायचाय, मला माझा हिस्सा मोकळा करून हवाय. म्हणजे मी विकणारी, तो घेणारा. भाव चढा निघाला तर माझं भलं, उतरता निघाला तर त्याचं. पुढे कुरबुर नको म्हणून दोघांनी मिळून एकच व्हॅल्युअर नेमला. रक्कम इथे लिहीत नाही, ती घरातली गोष्ट. ऑनलाइन अंदाज देणाऱ्या ॲपने दाखवलेला आकडा १०० धरा. ओळखीच्या एजंटने तोंडी सांगितला तो १०८. रिपोर्टात आला ८९.

भावाचा लगेच फोन. "ताई, तू चिडली नाहीस ना?" त्याने शेवटचं पान तेवढं पाहिलं होतं. मी पहिल्यापासून वाचला होता, म्हणून चिडले नव्हते. माझी सगळी नोकरी बँकेच्या कर्जविभागात गेली. असे रिपोर्ट ढिगाने हाताखालून गेलेत. बहुतेक एका साच्यातले. नाव, पत्ता, क्षेत्रफळ बदलायचं, बाकी मजकूर तोच. "परिसर झपाट्याने विकसित होत असून मागणी चांगली आहे" हे वाक्य आलं की मी पान उलटायची. या रिपोर्टात ते वाक्यच नाही. माझं मत तिथूनच चांगलं व्हायला लागलं.

एजंटच्या १०८ बद्दल फार लिहिण्यासारखं नाही. दोघा एजंटांपैकी जो चढा भाव सांगेल त्याच्याकडे मालक वळतो, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. मग थोड्या दिवसांनी "मार्केट थंड आहे, जरा खाली या" सुरू होतं. धंद्याची रीत आहे. तो आकडा वाटणीच्या कागदावर आला नाही म्हणजे झालं.

ॲपबद्दल मात्र जरा सविस्तर लिहिते, कारण आमच्याकडे भावापासून भाचीपर्यंत सगळ्यांची भिस्त त्याच्यावर. अशी ॲप्स नोंदवलेले जुने व्यवहार, क्षेत्रफळ, मजला, इमारतीचं वय, जाहिरातीतले भाव असं सगळं गोळा करून सूत्राने आकडा काढतात. एकसारखी घरं आणि भरपूर सौदे असतील तिथे अंदाज बरा येतो. अमेरिकेतल्या झिलो कंपनीचा 'झेस्टिमेट' हा या जातीतला सगळ्यात नावाजलेला. २००६ पासून चालू आहे. अंदाज किती चुकतो ते कंपनी स्वतःच जाहीर करते. विक्रीला लागलेल्या घरांच्या बाबतीत मध्यक चूक साधारण २ टक्के, न लागलेल्या घरांच्या बाबतीत ७ टक्क्यांच्या आसपास. एवढा फरक पडतो, कारण घर विक्रीला लागलं की मालकाने मागितलेला भाव सूत्राला दिसतो. माणसाने ठरवलेला आकडा हाताशी आला की यंत्र हुशार होतं! आमचा फ्लॅट विक्रीला नव्हताच, तेव्हा आम्ही दुसऱ्या गटात. आणि मध्यक चूक ७ टक्के म्हणजे निम्म्या घरांचा अंदाज त्याहूनही जास्त चुकलेला असतो, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

याच कंपनीने २०१८ मध्ये भाव ठरवण्याच्या स्वतःच्या यंत्रणेच्या जोरावर घरं घेऊन पुन्हा विकायचा धंदा सुरू केला. २०२१ मध्ये असं दिसून आलं, की घरं ज्या भावाने घेतलीत तेवढे पैसे विकून सुटणार नाहीत. एका तिमाहीत ३० कोटी डॉलरहून अधिक रक्कम तोट्यात टाकावी लागली आणि नोव्हेंबरमध्ये तो धंदा गुंडाळत असल्याचं जाहीर झालं. भावांचा अंदाज बांधणं वाटलं होतं त्यापेक्षा फार बेभरवशाचं निघालं, असं कारण कंपनीच्या प्रमुखांनी दिलं. माहितीचा तुटवडा त्यांना नक्कीच नव्हता.

आता मूळ सेवेकडे येते. व्हॅल्युअरबाई ठरल्या वेळी आल्या, सोबत एक मदतनीस. आल्या आल्या मंजूर नकाशा मागितला आणि लेझर मीटरने खोल्या मोजायला घेतल्या. नकाशातलं क्षेत्रफळ आणि मोजलेलं क्षेत्रफळ जमेना. कारण बाल्कनी. वडिलांनी ती कधीकाळी काचा लावून हॉलमध्ये घेतली होती आणि भावाने ॲपमध्ये क्षेत्रफळ भरलं ते त्या बाल्कनीसकट. मंजुरी नसलेली जागा खोलीच्या भावाने धरता येत नाही, म्हणून बाईंनी ती वेगळी दाखवली, वेगळ्या दराने. एवढ्यानेच १०० चे ९६ झाले. ॲपची यात चूक नाही म्हणा. त्याला जे सांगितलं ते त्याने खरं मानलं.

मग बाथरूम. फरशीवर बोटाच्या पेराने टकटक करत गेल्या. नळाच्या बाजूला दोन ठिकाणी पोकळ आवाज आला. मी म्हटलं, फरशी जुनी आहे, होतं असं. त्या काही बोलल्या नाहीत. खालच्या मजल्यावर गेल्या, तिथल्यांची परवानगी घेऊन त्यांचं छत पाहिलं. ओलीचा पिवळट डाग, आमच्या नळाच्या बरोबर खाली. त्याचा फोटो आणि दुरुस्तीचा खर्च, दोन्ही रिपोर्टात आहेत. इमारतीच्या दुरुस्ती-निधीत किती शिल्लक आहे, लिफ्ट कधी बदलायची आहे, हेही विचारून घेतलं. या सगळ्याचे दोन गेले. ९४. घरात पाऊल न टाकता फाटकावरून फोटो काढून केलेले रिपोर्ट मी नोकरीत पाहिलेत, म्हणून या दोन अंकांचं मला अप्रूप.

रिपोर्टचा गाभा म्हणजे तुलनेचं कोष्टक. आसपासचे सहा व्यवहार घेतले आणि त्यातले दोन खोडले, तेही कारण लिहून. एक नात्यातला होता. काका-पुतण्यातल्या सौद्याचा भाव बाजाराचा नसतो. दुसरा नव्या इमारतीतला. तिथे कागदावर दर चढा, पण नोंदणीचा खर्च आणि स्वयंपाकघरातलं फर्निचर बिल्डरने दिलेलं. ते वजा केलं तर खरा दर बराच खाली येतो. नव्या इमारतींचे भाव तुलनेला घेताना ही मेख कितीतरी जण विसरतात. तेजी ओसरायला लागली की बिल्डर दर उतरवत नाही, वर काहीबाही फुकट द्यायला लागतो. आधी घेतलेल्या गिऱ्हाइकांना तोंड द्यायचं असतं ना.

उरलेल्या चार व्यवहारांना मजला, पार्किंग, इमारतीचं वय अशा एकेका फरकापोटी अधिक-उणे केलंय. अधिक-उणे नेहमी तुलनेला घेतलेल्या घराच्या भावात करायचं असतं: त्याला पार्किंग आहे आणि आपल्याला नाही, तर त्याच्या भावातून वजा. उलटं केलेले रिपोर्ट कमी नाहीत, आणि चूक पकडायला कोष्टक उघडं मांडलेलं असावं लागतं. इथे ते होतं. कॅल्क्युलेटर घेऊन बसले, प्रत्येक ओळ जुळली.

उरलेले पाच अंक बाजाराच्या तब्येतीचे. माझ्या मते फी वसूल होते ती याच पानांत.

बाईंनी तीन गोष्टी शेजारी-शेजारी मांडल्यात. आसपासच्या सौद्यांची संख्या घटत आलीय. जाहिरातीतले भाव जागचे हललेले नाहीत. आणि विक्रीला लावलेली घरं पूर्वीपेक्षा जास्त दिवस पडून राहतायत. बाजार वळतो तेव्हा आधी सौदे आटतात, भाव मागाहून उतरतात. घरमालकाच्या डोक्यात शेजाऱ्याला वर्षापूर्वी मिळालेला भाव घट्ट बसलेला असतो. त्याहून कमी घ्यायचं म्हणजे त्याला आपल्या खिशातले पैसे गेल्यासारखं वाटतं. डेव्हिड जेनेसोव्ह आणि क्रिस्टोफर मेयर या दोघा अर्थतज्ज्ञांनी बॉस्टनमधल्या १९९० च्या दशकातल्या फ्लॅटविक्रीचा अभ्यास करून हेच दाखवलं होतं: ज्यांना खरेदीच्या भावापेक्षा कमीला विकावं लागणार होतं त्यांनी बाकीच्यांपेक्षा चढे भाव मागितले, आणि त्यांची घरं जास्त दिवस पडून राहिली. म्हणजे अशा वेळी जाहिराती वाचून भाव काढला तर आपण मालकांची इच्छा मोजतो. ॲप बहुधा तेच करत होतं. चारही सौदे जुने होते, शेवटचा सोडला तर तेजीतले. म्हणून बाईंनी त्यांना काळाच्या फरकापोटी कात्री लावली, आणि किती लावली त्याचा हिशोबही दिला.

भावाला हे पटायला वेळ लागला, गंमत म्हणजे फायदा त्याचाच असून. "पण भाव पडल्याचं कुठेच ऐकलं नाही, ताई." ऐकू येतं तेव्हा उशीर झालेला असतो, असं मी त्याला म्हटलं, आणि मग त्याने मला अठरा वर्षांच्या चक्राचा एक व्हिडिओ पाठवला. दर अठरा वर्षांनी जमिनीचे भाव शिखर गाठून कोसळतात, वर्ष आधीच सांगता येतं, वगैरे. या कल्पनेचं मूळ होमर हॉइट यांनी १९३३ मध्ये मांडलेल्या शिकागोच्या अभ्यासात आहे. शहराच्या जमिनीच्या भावांचा शंभर वर्षांचा इतिहास त्यांनी गोळा केला होता. एकोणिसाव्या शतकातली शिखरं साधारण तेवढ्या अंतराने दिसतात हे खरं. पण १८९० च्या आसपासच्या शिखरानंतरचं मोठं शिखर १९२० च्या दशकात, म्हणजे तीसहून अधिक वर्षांनी. चक्र असतं. त्याचं वेळापत्रक छापून मिळत नाही. रिपोर्टातही पुढच्या वर्षी भाव किती होईल याबद्दल एक अक्षर नाही, आणि ते योग्यच आहे. मूल्यांकनाला एक तारीख असते. त्या दिवशी, राजीखुशीने घेणारा आणि राजीखुशीने विकणारा, घाई कुणालाच नाही, अशा स्थितीतला तो भाव.

चक्र का येतं हे समजायला व्हिडिओची गरज नाही. इमारत उभी राहायला वर्षं लागतात. रिकामी घरं संपतात, भाडी वाढतात, भाव चढतात. ते पाहून सगळे बिल्डर एकाच वेळी जमिनी घेतात, आणि घरं तयार होतात तोवर मागणी दुसरीकडे गेलेली असते. त्यात कर्जाची भर. भाव वाढला की मूल्यांकन वाढतं, मूल्यांकन वाढलं की कर्ज जास्त मिळतं, जास्त कर्ज मिळालं की लोक जास्त बोली लावतात, आणि तो चढा सौदा पुढच्या मूल्यांकनात तुलनेला येऊन बसतो. साखळीतल्या प्रत्येकाचं गणित बरोबर आणि एकूण आकडा हवेत. आयर्लंडमध्ये २००७ च्या शिखरानंतर २०१३ पर्यंत घरांचे भाव निम्म्यावर आले. अमेरिकेत २००६ च्या मध्यापासून २०१२ च्या सुरुवातीपर्यंत देशभराच्या सरासरीने पावाहून जास्त घसरण. जपानच्या मोठ्या शहरांतल्या जमिनी तर १९९१ नंतर जवळजवळ दीड दशक उतरत राहिल्या.

जमीन घरापेक्षा जास्त का आपटते, याचं साधं गणित रिपोर्टच्या एका तळटीपेत होतं आणि ते मला फार आवडलं. घर १०० ला विकलं जातं, त्यातले ६० बांधकामाचे आणि बिल्डरच्या नफ्याचे, ४० जमिनीचे. घराचा भाव ९० वर आला. सिमेंट, लोखंड, मजुरी तेवढीच. म्हणजे जमिनीला उरले ३०. घर १० टक्क्यांनी उतरलं, जमीन २५ टक्क्यांनी.

भाड्याच्या बाजूनेही पडताळणी आहे. वर्षाचं निव्वळ भाडं ४ आणि घेणारा ४ टक्के परताव्यावर खूश, तर किंमत १००. तोच उद्या व्याजदर पाहून ५ टक्के मागायला लागला, की किंमत ८०. भाडेकरू तोच, भाडं तेच. आमच्या घराचा या पद्धतीने आकडा ८६ आला. तुलनेच्या आकड्यापेक्षा खाली, पण फार लांब नाही.

तेजीत असल्या रिपोर्टाला कुणी विचारत नाही, हे मी आतून पाहिलंय. भाव चढत असताना आमच्या विभागात वरून एकच विचारणा यायची: फाईल का अडली? कडक व्हॅल्युअरकडे पुढची फाईल जायची नाही. ही दुखणी जगभरची आहेत, म्हणून तर नियम झाले. अमेरिकेत गृहकर्ज देणाऱ्या संस्था १९८० च्या दशकात बुडाल्यावर १९८९ च्या कायद्याने मूल्यांकन करणाऱ्यांना परवाना बंधनकारक व्हायला सुरुवात झाली. तिथेच २००९ मध्ये, गृहकर्जांच्या मोठ्या भागासाठी, कर्जावर कमिशन खाणाऱ्याने व्हॅल्युअर निवडायचा नाही अशी आचारसंहिता आली. आणि बँकांसाठीच्या आंतरराष्ट्रीय बासेल नियमांच्या २०१७ च्या आवृत्तीत तर स्पष्टच म्हटलंय, की तारण मालमत्तेची किंमत धरताना पुढे भाव वाढतील ही अपेक्षा त्यात मिसळायची नाही, आणि आजचा बाजारभाव कर्जाच्या मुदतीत टिकण्याजोगा नसेल तर तेवढा उतरवून घ्यायचा. आमचा मामला कर्जाचा नव्हता, तरी बाईंची पद्धत त्याच वळणाची.

सावधपणाही अति होतो, हेही लिहायला हवं. मंदीत घाबरलेले व्हॅल्युअर अडल्यानडल्या मालकांचे सौदे तुलनेला घेतात आणि भाव आणखी खाली ढकलतात. या रिपोर्टात 'तातडीच्या विक्रीचं मूल्य' म्हणून ७६ असा आकडा वेगळा दिलाय. भावाने तो हेरलाच. "मग हा धरायचा का?" हसत विचारलं, पण विचारलं. तो आकडा बँकेला वसुलीसाठी लागतो. आपल्यात कुणी घर लिलावात काढत नाहीये, म्हटलं. विषय संपला.

आता कापलेला तारा. रिपोर्ट सांगितल्यापेक्षा बराच उशिरा आला, ते मी सोडून देते. अटी-शर्तींची पानं भरताड आहेत, तेही चालायचंच. भाड्याच्या पडताळणीला दोनच भाड्यांचा आधार घेतलाय, तो तोकडा आहे. आणखी चार-पाच मिळवता आली असती. पण खरी तक्रार पहिल्या पानाची. तिथे किंमत शेवटच्या अंकापर्यंत नेमकी छापलीय, जणू तराजूत घालून मोजली. बाईंचाच खरा अंदाज ८६ ते ९३ असा पट्टा आहे आणि तो मागच्या परिशिष्टात, बारीक टायपात. पहिलंच पान वाचणाऱ्याला, म्हणजे माझ्या भावाला आणि जगातल्या बहुतेकांना, तो दिसतच नाही. फोनवर हे बोलले. "मॅडम, लोकांना एकच आकडा हवा असतो," त्या म्हणाल्या. खरंय ते. पण मग पट्टा त्याच आकड्याखाली छापायला काय हरकत आहे?

त्या पट्ट्यामुळे आमचं काम मात्र सोपं झालं. भावाला दलाली पडणार नाही, मला गिऱ्हाईक शोधावं लागणार नाही, हे दोघांनी लक्षात घेऊन ९१ वर तोडलं.

कुणी अशी सेवा घेणार असाल तर फी आधी ठरवून घ्या, आणि ती ठोक असू द्या. किमतीच्या टक्क्यावर फी घेणाऱ्याला आकडा फुगवण्यात रस असतो. तुलनेचं कोष्टक, खोडलेल्या व्यवहारांसकट, मिळणार का हे कामाआधीच विचारा; "ते आमचं अंतर्गत असतं" असं उत्तर आलं तर दुसरा व्हॅल्युअर बघा. करारात आम्ही एक ओळ घालून घेतलीय: मूल्यांकनाच्या तारखेपासून सहा महिन्यांत रक्कम चुकती झाली नाही, तर नव्या तारखेचा रिपोर्ट काढायचा आणि त्याची फी भावाने भरायची. जुन्या गिऱ्हाइकाला फेरमूल्यांकन निम्म्या फीत मिळतं, हे मी विचारून ठेवलंय. त्याला अजून सांगितलेलं नाही.